कायमचं मायदेशी परतणारं मिशनरी कुटुंब: आधी काय, नंतर काय

पाठवणी
कुटुंबाला परदेशी सेवाक्षेत्रात पाठवताना मंडळ्या (म्हणजे स्थानिक चर्च) वर्षभर राबतात. व्हिसा, लसी, भाषा, प्रशिक्षण, निरोपाची उपासना, सगळं होतं. परतताना विमानतळावर गाडी पाठवली की समितीचं काम संपलं, असा बहुतेक ठिकाणचा रिवाज. म्हणून हा धागा.

नमुन्यादाखल हे कुटुंब धरू: आई-वडील, मुलं १६, ११ आणि ६ वर्षांची. दहा वर्षं बाहेर. धाकटा तिकडेच जन्मलेला. सहा महिन्यांनी परतणार, रजेवर नाही, कायमचं. देश मुद्दाम लिहीत नाही, म्हणजे चर्चा एका ठिकाणापुरती राहणार नाही.

कशानंतर काय करायचं, कुठे अडतं आणि का, एवढंच लिहा. साक्षी आणि आठवणींसाठी वेगळे धागे आहेत.

जुना_चिटणीस
सहा महिने हातात आहेत म्हणजे वेळ बरा आहे. पहिली यादी अशा कागदांची करा जे फक्त तिकडेच मिळतात. मायदेशातले कागद नंतरही होतात, तिकडचे होत नाहीत.

धाकट्याचा जन्मदाखला सगळ्यात वर. आई-वडिलांची नावं असलेला पूर्ण उतारा घ्या. बऱ्याच देशांत एक छोटा दाखलाही देतात, तो पुढे चालत नाही. मायदेशाच्या वकिलातीत जन्मनोंदणी झाली आहे का ते आजच तपासा. पासपोर्ट आहे म्हणजे नोंदणी झालीच असेल, असं धरू नका. दाखल्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का, लागेल. ही सोय १९६१ च्या हेग करारातल्या देशांनाच आहे. तो देश करारात नसेल तर आधी तिथल्या परराष्ट्र खात्याचा शिक्का आणि मग आपल्या वकिलातीचा, असं दोन टप्प्यांत करावं लागतं. भाषांतर शेवटी करा, म्हणजे शिक्क्याचंही भाषांतर त्यात येतं. उलट्या क्रमाने केलं की पुन्हा पैसे भरून भाषांतर करून घ्यावं लागतं.

दुसरं, पोलिसांचा चारित्र्यदाखला, दोघांचाही. मायदेशात शाळा, रुग्णालय किंवा मुलांशी संबंधित कुठलंही काम धरायचं म्हटलं तर आधी राहिलेल्या देशाचा दाखला मागतात. तिथे असताना ठसे द्यायला एक चक्कर पुरते. परतल्यावर तेच काम वकिलातीमार्फत महिनोन् महिने रेंगाळतं. मात्र फार आधीही काढू नका, त्याला मुदत असते. निघण्याच्या दीड-दोन महिने आधी अर्ज करा.

तिसरं, वाहनपरवाना किती वर्षांचा आहे याचा दाखला आणि विमा कंपनीचं 'दावा केलेला नाही' असं लेटरहेडवरचं पत्र, तारखांसह. हे नसेल तर दहा वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला नवशिक्या धरून हप्ता लावतात.

चौथं आणि हमखास विसरलं जाणारं: बाईंच्या कामाचं प्रमाणपत्र. व्हिसावर 'अवलंबित' लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात दवाखाना किंवा शाळा त्याच चालवत असतात. तिथल्या संस्थेकडून काम, कालावधी, आठवड्याचे तास, हाताखालची माणसं आणि सांभाळलेला निधी हे सगळं लिहून घ्या. दोन वर्षांनी तिथला प्रमुख बदलला की सही करायला कोणी नसतं.

वहीखातं
चिटणीस साहेबांच्या यादीला पुरवणी.

तिकडचं बँक खातं घाईने बंद करू नका. घराची अनामत, गाडीच्या विक्रीचे पैसे, विजेचं शेवटचं बिल हे सगळं निघाल्यानंतर दोन-तीन महिने चालतं. पण गंमत अशी की खातं चालू राहतं आणि त्याचा ओटीपी तिकडच्या सिमवर येतो. सिम परदेशात चालेल असं करून घ्या, नाहीतर बँकेतला नंबर निघण्याआधी बदला. सिम बंद पडलं की खातं असून नसल्यासारखं.

गाडी विकली की सरकारी नोंदीत नाव बदललेलं स्वतः पाहूनच निघा. नुसत्या कच्च्या पावतीवर गाडी दिली तर पुढचा दंड आणि अपघाताची जबाबदारी जुन्याच नावावर पडते. घरात, बागेत, पहाऱ्यावर काम करणाऱ्यांचे हिशेब तिथल्या कामगार कायद्याप्रमाणे चुकते करा आणि सही घ्या. वर बक्षीस द्यायचं असेल तर खुशाल द्या, पण पावतीवर ते वेगळं दाखवा. नाहीतर पगाराची थकबाकी दिली की भेट दिली, हा वाद मागे राहणाऱ्या सहकाऱ्यांच्या गळ्यात पडतो.

निवासी परवाना रीतसर रद्द करून घ्या आणि करखात्याचा 'बाकी नाही' दाखला घ्या. काही देशांत त्याशिवाय बाहेर पडता येत नाही, हे तिकीट काढल्यावर कळून उपयोग नसतो.

ताप_आणि_तपास
आरोग्याचं सविस्तर लिहितो, कारण इथे वेळेचा हिशेब चुकला की तपासणी फुकट जाते.

पहिली गोष्ट म्हणजे ताप. मलेरियाच्या प्रदेशातून आलेल्या माणसाला परतल्यानंतर वर्षभरात ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासायचं आणि डॉक्टरांना देशाचं नाव आपणहून सांगायचं. जिथे मलेरिया नाही तिथल्या डॉक्टरांच्या डोक्यात तो आधी येत नाही. मलेरियाच्या जंतूंपैकी फॅल्सिपेरमचा ताप बहुतेक वेळा पहिल्या तीन महिन्यांत येतो आणि तो जिवावर बेततो. व्हायवॅक्स आणि ओव्हाले यकृतात दडून बसतात, महिन्यांनी, कधी वर्षांनीही वर येतात. रक्ताची एक काचपट्टी निगेटिव्ह आली म्हणून सुटका नाही, १२ ते २४ तासांच्या अंतराने तीनदा बघावी लागते. यकृतातले जंतू मारायला प्रायमाक्विन देतात, पण त्याआधी जी६पीडीची तपासणी झालीच पाहिजे. ते एन्झाइम कमी असेल तर तांबड्या पेशी फुटतात.

प्रतिबंधक गोळ्या चालू असतील तर विमानात बसल्याबरोबर बंद करायच्या नाहीत. डॉक्सीसायक्लिन आणि मेफ्लोक्विन चार आठवडे, अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल सात दिवस पुढे घ्यायच्या. मेफ्लोक्विनने झोप उडणं, विचित्र स्वप्नं, घाबरेपणा, उदासी येऊ शकते. परतलेल्या माणसाची अस्वस्थता 'जुळवून घेण्याचा त्रास' म्हणून सोडून देण्याआधी ही गोळी चालू होती का, ते विचारा.

परतल्यावर लगेच, म्हणजे पहिल्या दोन-तीन आठवड्यांत: रक्ताची पूर्ण मोजणी (इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी वेगळ्या बघायच्या, कृमी असतील तर त्या वाढतात), वेगवेगळ्या दिवशी घेतलेले शौचाचे तीन नमुने, दात, डोळे, आणि मुलांच्या लसींची नोंद. मूळ लसकार्ड हातातल्या पिशवीत आणा. राहिलेले डोस बहुतेक लसींच्या बाबतीत पुढे चालू करायचे असतात, मालिका पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही. पुरावाच नसेल तर मात्र बऱ्याच लसी पुन्हा टोचल्या जातात.

साधारण तीन महिन्यांनी दुसरी फेरी. शिस्टोसोमा (गोड्या पाण्यातून कातडीवाटे अंगात शिरणारा कृमी) असलेल्या भागात तळ्यात-नदीत पोहणं झालं असेल तर प्रतिपिंडांची रक्ततपासणी शेवटच्या पाण्याच्या संपर्कानंतर आठ ते बारा आठवड्यांनी करायची. आधी केली तर खोटी निगेटिव्ह येते आणि कागद फाइलमध्ये जाऊन सगळे निर्धास्त होतात. क्षयरोगाचंही तसंच, शेवटच्या संपर्कानंतर आठ-दहा आठवडे थांबा. बीसीजी ही क्षयरोगाची लस घेतलेल्या मुलांची त्वचाचाचणी पॉझिटिव्ह दिसू शकते, म्हणून आयजीआरए ही रक्तचाचणी मागा. नाहीतर निरोगी मूल शाळेबाहेर बसून राहतं.

आणि स्ट्राँगिलॉइड्स. हा कृमी अंगात दशकानुदशकं राहतो, त्रास जवळजवळ नसतो. पुढे कधी दमा किंवा सांध्यांसाठी स्टेरॉइड सुरू झालं की तो शरीरभर पसरतो आणि माणूस जातो. रक्ततपासणी एकदा करून ठेवा. औषध आयव्हरमेक्टिन. पण मध्य किंवा पश्चिम आफ्रिकेच्या जंगलपट्ट्यात राहणं झालं असेल तर आधी अंगात लोआ लोआ हा दुसरा कृमी नाही याची खात्री, मग गोळी. रक्तात लोआचं प्रमाण जास्त असताना आयव्हरमेक्टिन दिलं तर मेंदूवर परिणाम होतो. ही तपासणी गल्लीतल्या दवाखान्यात होत नाही, उष्ण कटिबंधाच्या रोगांचा विभाग असलेलं रुग्णालय शोधावं लागेल. वेळ आत्ताच घेऊन ठेवा.

बाकावरचा
डॉक्टर, माहिती उत्तम. पण व्यवहाराचं बोलू. ज्या मंडळीने दहा वर्षं पैसे पाठवले तिला पहिल्या रविवारी कुटुंब समोर दिसायला हवं की नको? लोक वाट बघत असतात.

कडूगोड
दिसू द्या, बोलायला लावू नका. पहिल्या रविवारी कुटुंबाने मंडळीत बसावं, पाळकांनी नाव घ्यावं, प्रार्थना करावी, संपलं. अहवाल सहा ते आठ आठवड्यांनी.

कारण सांगते. पहिल्या महिन्यात माणूस जे बोलतो त्यात झोपेची उणीव, निरोपाचं दुःख आणि आभार मानण्याचं दडपण यांचा काला असतो. त्यात कोणी सहकाऱ्याबद्दल कडवट बोलून जातो, कोणी सगळं गोड करून सांगतो. दोन्ही विधानं देणगीदारांच्या लक्षात राहतात, ती नंतर दुरुस्त करता येत नाहीत. शिवाय 'काय मग, कसं होतं तिकडे?' हा प्रश्न विचारणाऱ्याला बहुतेक वेळा अर्ध्या मिनिटाचं उत्तर हवं असतं. म्हणून तीन मापांची उत्तरं तयार ठेवायला सांगा: दोन वाक्यांचं दारात उभ्यानं सांगायचं, पाच मिनिटांचं चहापाण्याच्या वेळचं आणि अर्ध्या तासाचं सभेसाठी. अर्ध्या तासाचं ऐकायला तयार बसलेल्याला दोन वाक्यं मिळाली किंवा उलट झालं की दोघेही दुखावतात.

मुलांना व्यासपीठावर तिकडचे कपडे घालून उभं करणं, 'त्यांच्या भाषेत गाणं म्हण' म्हणणं, हे पूर्ण बंद. मुलाने आपणहून मागितलं तरच. ज्या वर्गात त्याला पुढची दोन वर्षं काढायची आहेत त्याच वर्गासमोर आपण त्याला नमुना करून ठेवतो.

बाकावरचा
आठ आठवडे म्हणजे फार होतं, ताई. तोवर निम्मे देणगीदार दुसरीकडे वळतात.

वहीखातं
वळतात ते भाषण न झाल्यामुळे नाही, 'परत आले म्हणजे गरज संपली' या समजुतीमुळे. त्याचा उपाय पत्र आहे. निघण्याच्या तीन महिने आधी समितीने (कुटुंबाने नव्हे) सगळ्या देणगीदारांना लिहावं: अमुक तारखेला परततात, त्यानंतर सहा महिने मानधन चालू राहणार, त्यात इतकं घरासाठी, इतकं वैद्यकीय तपासणीसाठी, अमुक महिन्यापासून टप्प्याटप्प्याने कमी. रक्कम आणि शेवटचा महिना स्पष्ट हवा. 'देव पुरवील' यावर आपला सगळ्यांचा विश्वास आहे, पण घरमालक वेतनचिठ्ठी मागतो.

परतताना कुटुंबाकडे वेतनचिठ्ठ्या नसतात, मायदेशात कर्ज-व्यवहाराचा ताजा इतिहास नसतो, कायमचा पत्ता नसतो. भाड्याचं घर, फोनची जोडणी, बँक खातं या तिन्ही गोष्टी एकमेकींचा पुरावा मागतात. हे चक्र बाहेरूनच तोडावं लागतं. पाठवणाऱ्या संस्थेने सेवेचा कालावधी आणि पुढच्या सहा महिन्यांचं मानधन लिहिलेलं पत्र द्यावं, आणि पहिलं भाडेपत्र शक्यतो मंडळीच्या नावावर करावं. सहा महिन्यांसाठी, वर्षासाठी नाही. काम कुठल्या गावात मिळेल ते तोवर ठरलेलं नसतं.

कर-निवासाचा प्रश्न वर्षाच्या मधोमध परतणाऱ्यांना नक्की येतो. १८३ दिवसांचा नियम सगळ्यांनी ऐकलेला असतो, पण तो एकमेव निकष नसतो. काही देश घर, कुटुंब, हितसंबंध कुठे आहेत हेही बघतात. निघण्याची तारीख पक्की करण्याआधी दोन्ही देशांची करवर्षं समोर ठेवून जाणकाराला विचारा. निवृत्तिवेतनाच्या खात्यात बाहेरच्या वर्षांचा खंड पडला असेल तर मागचे हप्ते भरून काढण्याची मुदतही तेव्हाच विचारा. काही ठिकाणी ती मुदत उलटून जाते.

शाळेची_पायरी
मुलांचं. तिघांची तीन वेगळी प्रकरणं आहेत, एकाच बैठकीत उरकू नका.

आधी एक समजून घ्या. आई-वडील 'घरी' येतात, मुलं घर सोडून येतात. रूथ आणि जॉन युसीम या समाजशास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकी कुटुंबांचा अभ्यास करताना अशा मुलांसाठी 'तिसरी संस्कृती' हा शब्दप्रयोग रूढ केला. परतल्यावर अडचण अशी की मूल दिसतं इथल्यासारखं, बोलतं इथल्यासारखं, म्हणून त्याला काही येत नाही हे कोणी गृहीतच धरत नाही. परदेशी मुलाला बसचं तिकीट कसं काढायचं ते समजावून सांगतात, याला हसतात.

६ वर्षांचा सगळ्यात लवकर रुळतो आणि तिकडची भाषा सगळ्यात लवकर विसरतो. भाषा टिकवायची असेल तर आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी तिकडच्या मित्राशी व्हिडिओवर बोलणं आणि परतताना आणलेली पुस्तकं. ती तिकडूनच आणा.

११ वर्षांच्या मुलीची गाडी लिहिण्यावाचण्यावर अडते. घरात बोललेली मातृभाषा आणि शाळेतली लिखित मातृभाषा यांत दोन-तीन इयत्तांचं अंतर असू शकतं. त्यावरून तिला खालच्या वर्गात बसवायला शाळा तयार होतात, होऊ देऊ नका. गणित-विज्ञानात ती बरोबरीची असेल तर वयाप्रमाणेच वर्ग आणि भाषेला वेगळी मदत, असं लेखी मागा. त्यासाठी मागच्या तीन वर्षांची गुणपत्रकं शाळेच्या शिक्क्याने बंद पाकिटात, गुणपद्धतीचा खुलासा आणि विषयवार अभ्यासक्रम सोबत हवा. दक्षिण गोलार्धातून उत्तरेत येत असतील तर शाळेचं वर्ष अर्ध्याने सरकतं. तेव्हा सहा महिने मागे की पुढे, हा निर्णय खरोखर घ्यावा लागतो. माझं मत मागे. ते सहा महिने भाषेला मिळतात.

अवघड प्रकरण १६ वर्षांच्या मुलाचं. शेवटच्या दोन वर्षांत शाळा बदलली की विषय जुळत नाहीत, प्रात्यक्षिकांचे तास भरत नाहीत आणि विद्यापीठाच्या शुल्कासाठी 'स्थानिक रहिवासी' ठरायची मुदत चुकू शकते. एक तर हे चक्र सुरू होण्याआधी या, किंवा पूर्ण करून या.

निघण्याआधी तिघांकडूनही चार कामं करून घ्या. ही चौकट डेव्हिड पोलॉक यांची: भांडणं मिटवणं, आभार मानणं, निरोप घेणं, पुढच्या जागेचा विचार करणं. निरोप माणसांचा तसाच कुत्र्याचा, झाडाचा, खोलीचाही. सामान बांधताना प्रत्येक मुलाला एक खोकं द्या, त्यात काय जाईल ते मोठ्यांनी ठरवायचं नाही.

बाकावरचा
कुत्रा आणायचाच म्हटला तर?

जुना_चिटणीस
आजपासून लागा. आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस. उलट केलं तर लस धरत नाहीत. युरोपीय संघात, संघाच्या यादीत नसलेल्या देशातून आणायचा तर लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त घेऊन प्रतिपिंडं ०.५ आययू (आंतरराष्ट्रीय एकक) प्रति मिलीलीटर किंवा जास्त हवीत, आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबावं लागतं. सहा महिन्यांत जेमतेम बसतं.

सामानाचंही इथेच सांगतो. हस्तिदंत, कासवाची पाठ, प्रवाळ, कातडी यांतलं काही कोणी निरोपाची भेट म्हणून दिलं असेल तर दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा साइट्स करार (१९७५ पासून लागू) आडवा येतो. 'भेट आहे' हे उत्तर सीमाशुल्कवाल्यांना चालत नाही. लाकडी कोरीवकामात भुंगा असेल तर पूर्ण खोकं अडकतं. यादीत प्रत्येक वस्तू, अंदाजे किंमत आणि किती दिवस वापरलेली, असं लिहा. नुसतं 'घरगुती सामान' लिहिलं की खोकी उघडली जातात.

कडूगोड
मनाचं राहिलं. पुस्तकांत इंग्रजी डब्ल्यूसारखा आलेख दाखवतात: जाताना एकदा मन खाली जातं, परतल्यावर पुन्हा एकदा. गुलाहॉर्न पती-पत्नींनी १९६३ मध्ये तो मांडला. नंतरच्या अभ्यासांत सगळ्यांचा प्रवास असाच होतो असं काही दिसलं नाही. त्यामुळे 'चौथ्या महिन्यात बरं वाटेल' अशी तारीख कोणालाही देऊ नका.

समितीने दोन बैठका वेगळ्या ठेवाव्यात. एक कामाची: प्रकल्प, हिशेब, पुढे कोण. दुसरी मनाची, आणि ती घेणारा माणूस असा हवा ज्याच्या हातात यांची पुढची नेमणूक किंवा मानधन नाही. दोन्ही टोप्या एकाच डोक्यावर असल्या की खरं बोललं जात नाही. ही दुसरी भेट महिन्याभरात एकदा आणि सहा महिन्यांच्या आसपास पुन्हा. नवरा, बायको, प्रत्येक मूल, सगळे वेगळे. धाकट्याशी चित्रं काढत.

दंगल, अपहरण, हल्ला यातून बाहेर पडलेलं कुटुंब असेल तर 'एकदा सगळं बोलून मोकळं व्हा' असा आग्रह धरू नका. वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात अशा एकाच बैठकीच्या सक्तीच्या चर्चेने पुढचा आघातविकार टळत नाही असं दिसलं, उलट काहींना त्रास वाढण्याची शक्यता दिसली. झोप, सुरक्षित घर, नियमित दिनक्रम आधी. महिन्यानंतरही भयस्वप्नं, दचकणं, टाळणं चालू असेल तर आघातावर काम करणाऱ्या प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञाकडे.

आणि चिटणीस साहेब म्हणाले तो बाईंचा मुद्दा. नवऱ्याला पाळकपद मिळतं, बायकोला 'आता आराम करा' मिळतं. तिची परिचारिकेची किंवा शिक्षिकेची नोंदणी खंडित झाली असेल तर नूतनीकरणाला लागणारे तास आणि परीक्षा परतण्याआधीच शोधा. गाव निवडताना तिच्या कामाचाही विचार व्हावा.

ताप_आणि_तपास
एक सुरक्षेचं. बंधनं असलेल्या देशातून आलेलं कुटुंब असेल तर फोटो, स्थानिक विश्वासूंची (म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांची) नावं, गावाचं नाव यांचं काय करायचं ते कोणी लिहा.

जुना_चिटणीस
अहवालात नावं बदललेली, चेहरे नसलेले फोटो, आणि फोटोत दडलेली जागेची नोंद काढून टाकलेली. उपासनेचं थेट प्रक्षेपण होत असेल तर अहवालापुरतं बंद, नुसतं 'रेकॉर्डिंग नंतर काढू' चालत नाही. जुनी प्रार्थनापत्रं मंडळीच्या संकेतस्थळावर पडून असतात, ती आधी उतरवा. कुटुंब सुरक्षित पोचलं तरी मागे राहिलेले तिथेच असतात.

पाठवणी
सगळ्यांचे आभार. शाळेची_पायरी, एक शंका. थोरल्याची अंतिम परीक्षा परतण्याच्या तारखेनंतर चार महिन्यांनी आहे. त्याला तिकडे सहकाऱ्यांच्या घरी ठेवून बाकीच्यांनी निघावं, असं सुचवलं जातंय. करावं का?

शाळेची_पायरी
आधी त्याचा व्हिसा बघा. मुलाचा परवाना बहुधा वडिलांच्या किंवा आईच्या कामाच्या परवान्याला जोडलेला असतो. तो रद्द झाला की मुलाचाही जातो आणि परीक्षेच्या तोंडावर त्याला देश सोडावा लागतो. विद्यार्थी परवाना स्वतंत्र मिळत असेल तर अर्ज आई-वडील तिथे असतानाच करा.

मिळाला तर पालकत्वाचं नोंदणीकृत अधिकारपत्र, उपचाराला संमतीचं पत्र, त्याच्या नावाचा आरोग्यविमा आणि एकट्याने प्रवास करण्यासाठी दोघा पालकांचं संमतीपत्र, इतकं त्या सहकाऱ्यांच्या हाती हवं. शाळेलाही कळवा की सूचना आता कोणाला द्यायच्या. आणि ठेवायचं की नाही हे मुलाला विचारून ठरवा, सांगून नाही.

परवाना मिळत नसेल तर आई-वडिलांपैकी एकाने परवाना चालू ठेवून चार महिने मागे राहावं, दुसऱ्याने धाकट्या दोघांना घेऊन शाळा सुरू होण्याच्या आधी निघावं. तसं असेल तर वर वहीखातं यांनी सांगितलेले करदाखला आणि परवाना रद्द करण्याचे अर्ज दोघांचे वेगवेगळ्या तारखांना जातील. तिकिटं त्यानंतर काढा.